एकाहत्तराव्या मिनिटाचा गोल

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि त्याच दिवशी वर्तमानपत्रही आलं, त्यामुळे तू नक्की काय काम करतेस ते मला एकदाचं कळलं. आजवर कुणी विचारलं की मी सांगायची, नात मोठ्या शहरात कचेरीत आहे. कसली कचेरी असं पुढे विचारलं की मला खोकला यायचा. आता समजलं की जगभरात कुणी किती वेळा चेंडू जाळ्यात घातला ते मोजायला एक अख्खी कचेरी आहे, तिथे पंखे आहेत, कपाटं आहेत, आणि माझी नात चष्मा लावून बसलेली आहे. असू दे. कुणी तारे मोजतं, तू गोल मोज.

पण दहा वर्षांत जगात सर्वांत जास्त गोल करणाऱ्यांच्या यादीत दहाव्या जागेवर आपला उंट निघाला, म्हणून इथे लोकांना नुसता ऊत आलाय. दोनशे चौदा गोल. न्हावी म्हणतो, मोठ्या देशांतल्या मोठ्या नावांच्या पंगतीत आपला माणूस बसलाय. मी म्हटलं, इथले गोलकीपर मी पाहिलेत, माझी वाळत घातलेली चादर त्यांच्यापेक्षा जास्त चेंडू अडवायची. न्हावी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

उंट तुला आठवतच असेल. लांब मान, लांब पाय, आणि सारखं काहीतरी चघळणारं तोंड. क्लबची धुलाईखोली मी सव्वीस वर्षं सांभाळली, त्यातली दहा त्याची नऊ नंबरची जर्सी घासण्यात गेली. आता त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत आणि तो शाळेची बस चालवतो. मध्यंतरी मान खाली घालून चालायचा. उंटाने मान खाली घातली की कसं दिसतं, तसं. यादी आल्यापासून मान पुन्हा जागेवर आलीय. त्याच्या मुलीने तिसरीच्या सगळ्या वर्गाला सांगितलं की माझे बाबा जगात दहावे. बाईंनी तिला फळ्यावर दहाचा आकडा काढायला लावला.

तुझी आई म्हणते तू वेळेवर जेवत नाहीस. मोजत बसतेस तशी घासही मोज. लोभ आहेच, पत्र आलं तर तो उतू जाईल.

तुझी आजी


ता. ९ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कचेरीत एकटीच हसले, म्हणून साहेबांनी वर बघितलं. आता जे लिहितेय ते मात्र हसण्यासारखं नाही.

वर्तमानपत्रात आली ती कच्ची यादी आहे. पक्की यादी पुस्तकात छापायची असते, ती महिनाअखेर छापखान्यात जाते. त्याआधी काठावरच्या खेळाडूंचा एकेक गोल पंचांच्या कागदाशी ताडून बघायचा, हे काम माझ्याकडे आहे. उंटकाकांचे दोनशे तेरा गोल बरोबर जुळले. एक जुळत नाही.

नऊ वर्षांपूर्वीचा, नदीपलीकडच्या क्लबाशी झालेला सामना. कागदावर लिहिलंय की नऊ नंबरचा घोटा मुरगळला, मध्यंतराला तो बाहेर गेला, त्याच्या जागी चौदा नंबर आला. आणि त्याच कागदावर खाली लिहिलंय, एकाहत्तरावं मिनिट, गोल, नऊ नंबर. बाकावर बसलेल्या माणसाने गोल कसा केला?

हा एक गोल गेला तर काका दोनशे तेरावर येतात. दोनशे तेरा गोल दूर देशातल्या आणखी एकाचेही आहेत, आणि ते त्याने कमी सामन्यांत केलेत, म्हणून तो वर जातो आणि काका अकरावे होतात. पुस्तकात दहाच नावं छापतात. अकरावा कुठेच नसतो.

तू त्या दिवशी क्लबातच असशील. काही आठवतं का? तब्येतीला जप. तुझ्या मायेच्या सावलीतली,

भिंगरी


ता. १३ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

काल चष्मा कुठे ठेवला ते मला आठवत नाही आणि तू नऊ वर्षांपूर्वीचं मिनिट विचारतेस. मी धुलाईखोलीत असायची, मैदानावर नाही. पंच म्हातारा होता, काहीही लिहायचा. दोनशे चौदातला एक इकडे तिकडे झाला म्हणून चंद्रसूर्य थांबत नाहीत. तुमच्या साहेबांना दुसरं काम नसेल तर त्यांना म्हणावं कचेरीचे पडदे धुवा.

इथे सगळे बरे आहेत. लोभ असतोच.

आजी


ता. १७ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

सव्वीस वर्षांत कुठल्या जर्सीवर कशाचा डाग होता ते तू झोपेतसुद्धा सांगशील. आणि तू अर्ध्या पानाचं पत्र लिहिलंस, त्यात मी जेवले का तेही विचारलं नाहीस. आजी, ताकाला जाऊन भांडं लपवणारी तू नव्हेस. ते तर तू दुसऱ्यांना म्हणायचीस.

तुला कोंडीत पकडत नाही. साहेब म्हणाले की कुणी वेगळं काही सांगितलं नाही तर कागदावर नऊ आहे म्हणजे नऊच. तू गप्प राहिलीस तर काका दहावे राहतात, कुणाचं काही बिघडत नाही. त्या सामन्याचा निकालही आता इतक्या वर्षांनी बदलणार नाही. फक्त त्या पानाखाली तपासून बरोबर अशी सही मला करायची आहे. ही माझी इथली पहिली सही.

उत्तराची वाट पाहते. राग असला तरी चालेल, पण लांब पत्र लिही.

भिंगरी


ता. २२ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

घे लांब पत्र. लिहायला तीन दिवस लागलेत.

मी चौथीपर्यंतही शिकले नाही. आकडे शिकले ते जर्सीच्या पाठीवर. पण आकड्यांवर माझा कधी भरवसा नव्हता. जर्सी कुणाची ते पाठीवरचा आकडा सांगतो, ती अंगात कोण घालून हिंडलं ते काखेतला वास सांगतो.

त्या दिवशी तुझ्या शाळेत नाटक होतं. तू झाड झाली होतीस. झाडाला बोलायचं काही नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं, तरी मला ते बघायचं होतं. म्हणून सोमवारची धुलाई आधीच उरकावी अशी बुद्धी मला झाली आणि सकाळी जादा जर्सींचा सगळा गठ्ठा मी भिजत घातला. सामन्याच्या दिवशी जादा जर्सी कोरड्या असायलाच हव्यात, हे मला शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. सव्वीस वर्षांत हा एकदाच हात चुकला.

मध्यंतराला उंट लंगडत आत आला, जर्सी काढून माझ्या टोपलीत टाकली आणि बाहेर बाकावर जाऊन बर्फाच्या टबात पाय घालून बसला. खेळ पुन्हा सुरू होऊन थोडा वेळ गेला असेल, चार नंबरचा गवंडी नाक धरून दारात उभा. कुणाचं तरी कोपर लागलं होतं. छातीवर रक्तच रक्त. पंच म्हणे, रक्त लागलेली जर्सी बदलल्याशिवाय आत घेणार नाही. माझ्याकडे बघितलं तर बादल्यांत सगळ्या जर्सी बुडालेल्या. व्यवस्थापक बाहेरून ओरडत होता. मी टोपलीतली उंटाची काढली आणि गवंड्याच्या डोक्यातून घातली. पंचाने रक्त नाही ना एवढं बघितलं, पाठ बघितली नाही.

पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही, नुसता गलका ऐकला. व्यवस्थापक घामाघूम होऊन आत आला आणि म्हणाला की गोल गवंड्याने केलाय, पण जर्सी दुसऱ्याची आहे हे कळलं तर जिंकलेला सामना हातचा जाईल, आणि माझी नोकरीही. तेव्हापासून सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. संध्याकाळी मी नऊ नंबर धुतला तेव्हा त्याला सिमेंटचा वास होता आणि गळपट्टीवर नाकातल्या रक्ताचे थेंब होते. मी ते गार पाण्यात काढले. रक्ताला गारच पाणी लागतं, गरम घातलं की डाग जन्माचा. नाटकाला पोचले तेव्हा झाड घरी गेलं होतं.

गवंडी दहा वर्षं मागे उभा राहून दुसऱ्यांचे गोल अडवत राहिला. त्याने केलेला तो एकच गोल. आणि मी तो नुसता धुतला नाही, दुसऱ्याच्या नावावर वाळत घातला.

आता सही कशाखाली करायची ते तुझं तू बघ. तू जेवतेस का?

आजी


ता. २५ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं, आणि झाड कोण झालं होतं असं विचारलं.

पण ते म्हणाले की या पत्रावरून जर्सी कुणाच्या अंगात होती एवढंच कळतं. गोल कुणी मारला हे तू स्वतः पाहिलेलं नाहीस. मैदानावर असलेल्या एकाने तरी सही करून लिहून द्यायला हवं. पंच आणि व्यवस्थापक दोघेही आता नाहीत. बाकीचे खेळाडू कुठे पांगलेत ते कचेरीला ठाऊक नाही, उरले गवंडीकाका. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या तरी पुरे. त्यासाठी साहेबांनी छापखाना दहा एप्रिलपर्यंत थांबवलाय. नाही आल्या ओळी, तर उंटकाकाच दहावे.

आजी, तू लिहिलंस हे बरं केलंस की नाही ते मला अजून ठरवता येत नाही. फळ्यावर दहाचा आकडा काढणारी ती मुलगी डोळ्यांसमोरून हलत नाही. जेवते आहे.

भिंगरी


ता. २९ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

बरं केलं की वाईट ते ठरवायला तुला आयुष्य पडलंय. मला नाही, म्हणून मी निघाले.

गवंडी शाळेमागच्या भिंतीला गिलावा करत होता. मी खाली उभी राहून सगळं सांगितलं. त्याने थापी थांबवली नाही. मग म्हणाला की उंटाच्या सायकलवर मागे बसून तो चार वर्षं सरावाला गेला, त्याच्या ताटातलं उचलून खाणार नाही. मी म्हटलं, ताट तुझंच आहे बाबा. तर म्हणे, मग माझं मी त्याला दिलं. वर हेही म्हणाला की एकदा बायकोला सांगितलं होतं, मीही एक गोल केलाय म्हणून, तर ती इतकी हसली की पुन्हा विषय काढला नाही. लिहून द्यायला साफ नकार. ओळंब्यासारखा सरळ माणूस, वाकतच नाही.

तिथून बसच्या आवारात गेले. उंट बसच्या सीटांखाली पोरांनी चिकटवलेलं च्युइंगम पत्र्याच्या तुकड्याने खरवडत होता. त्यालाही सगळं सांगितलं. तू काय विचारलंस, मी काय लिहिलं, गवंडी काय म्हणाला, दहा तारीख. हेही सांगितलं की मला आता कुणी कामावरून काढू शकत नाही, म्हणून माझं खरं बोलणं स्वस्तातलं आहे, तुला महाग पडेल.

त्याने दोनच गोष्टी विचारल्या. अकरावं नाव छापतात का? मी नाही म्हटलं. मग तो वर येणारा दुसरा माणूस कुठला? मी म्हटलं, लांबचा, नाव मला उच्चारता येत नाही. त्याने मान हलवली आणि पुढच्या सीटखाली शिरला. मी थोडा वेळ पायरीवर बसले. तू असं कर, तू तसं कर, असं काही बोलले नाही. तो गोल पाहिला त्याने, मी नाही.

आता हातावर हात ठेवून बस. माझ्याकडून होतं तेवढं झालं. लोभ तुझ्यावर आहे आणि त्या दोघांवरही आहे, काय करणार.

आजी


ता. ७ एप्रिल

चि. ताईंस स. न. वि. वि.

तुमच्या आजीने पत्ता दिला. मला लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

एकाहत्तराव्या मिनिटाचा गोल माझा नाही. मी बाकावर बसलो होतो, पाय टबात होता. कॉर्नरचा चेंडू आला, गर्दीत उसळला आणि चार नंबरच्या नडगीला लागून आत गेला. देखणा नव्हता, पण गोल होता. त्याच्या अंगात माझी जर्सी होती. मी समोरून पाहिलं. मला जेवढं स्वच्छ दिसलं तेवढं त्यालाही दिसलं नसेल.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझे दोन गोल आले. तेव्हा वाटलं, एवढ्यांत एक, काय फरक पडतो. ते कात्रण मी ठेवून दिलं. इतक्यांदा वाचलं की पुढे पुढे तो मीच मारल्यासारखा आठवायला लागला. आजी येऊन गेल्यावरही मी नऊ दिवस काढले. त्यातले सात दिवस मी लिहिणार नव्हतो. आठव्या दिवशी बसमध्ये मागे पोरं भांडत होती की दहावा म्हणजे खरंच दहावा का, आणि माझी मुलगी सगळ्यांना पुरून उरत होती. मला आरशातून तिच्याकडे बघता येईना.

तो गोल काढा आणि ज्याचा आहे त्याच्या नावावर घाला. मुलीला मी सांगितलं आहे. ती एक दिवस बोलली नाही, आता बोलते. दोनशे तेरा माझे आहेत, तेवढे नीट जपा.

खाली सही केली आहे. आपला लोभ राहावा अशी इच्छा.

बसवाला, जुना नऊ नंबर


ता. ११ एप्रिल

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

उंटकाकांचं पत्र मुदतीच्या एक दिवस आधी पोचलं. काल यादी छापखान्यात गेली. दहाव्या जागी तो दूर देशातला माणूस आहे, त्याला यातलं काहीही ठाऊक नाही. मी साहेबांना विचारून पाहिलं की अकरावं नाव निदान तळटीपेत घेऊ या का. ते म्हणाले की दहा म्हणजे दहा.

गवंडीकाकांच्या नोंदीची नक्कल सोबत पाठवते, शिक्क्यासह. दहा वर्षं, दोनशे एकोणसाठ सामने, गोल एक. त्यांना नको असेल तर तुझ्याकडे ठेव. उंटकाकांच्या पत्रातलं गोलाचं वर्णनही मी खाली उतरवून दिलं आहे, तुझ्यापुरतं.

मी सही केली. तुझ्या आशीर्वादाची अजून गरज आहे,

भिंगरी


ता. २३ एप्रिल

चि. भिंगरीस अ. उ. आ.

इथे मी आता गावाचं नाक कापणारी बाई आहे. न्हावी म्हणतो, म्हातारीने आयता मिळालेला मान धुऊन टाकला. मी म्हटलं, धुणं हाच माझा धंदा होता. दुकानदार मला साबण देताना तोंड फिरवतो, पण माप बरोबर देतो, म्हणून चालवून घेते. उंटाची मान पुन्हा खाली गेली का ते तू विचारणार. आठवडाभर गेली होती. लपवत नाही.

शिक्क्याचा कागद मी गवंड्याच्या घरी टाकून आले. तो कामावर होता, म्हणून बायकोच्या हातात पडला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात. कागद चार ठिकाणी घडी करून पदराच्या गाठीत बांधलेला. म्हणाली की हा माणूस काही सांगत नाही, तुम्ही सांगा, कसा केला गोल? मी म्हटलं, बाई, मी आत बादल्यांत हात घालून बसले होते. समोरून पाहणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्याकडे जायला तुला छाती लागेल.

तिला होती. रविवारी सकाळी उंट त्यांच्या अंगणात आला, मुलीला घेऊन. मीही गेले, म्हटलं आगीत तेल पडलं तर पाणी आपल्याकडे असावं. गवंडी भिंतीला पाठ लावून पायाची नखं बघत बसला होता. त्याची दोन्ही पोरं वाळूच्या ढिगावर, उंटाची मुलगी त्यांच्याहून वर.

उंटाने अंगणात विटा मांडल्या. ही वीट गोलकीपर, या त्यांच्या बाजूच्या, ही वेगळी ठेवली ती तुमचा बाप. मग त्या मोडक्या गुडघ्यांनी तो कोपऱ्यात गेला, तिथून चेंडू कसा वळत आला ते हाताने दाखवत आला, आणि म्हणाला की तुमच्या बापाने तिघांच्या डोक्यावरून उडी घेतली, अशी, आणि कपाळाने असा ठोकला की जाळं फाटतं की काय असं वाटलं. दोनशे तेरा गोल करणाऱ्या माणसाने सांगितल्यावर कोण शंका घेणार? तू लिहून पाठवलेलं माझ्या कनवटीलाच होतं. मी तोंड उघडलं नाही. गवंड्याच्या बायकोने इतक्या वर्षांत नवऱ्याकडे तसं बघितलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

पोरं म्हणाली, परत. उंटाची मुलगी म्हणाली की बाबा, हळू सांगा, म्हणजे दिसेल. त्याने परत सांगितलं. पुन्हा तिघं, पुन्हा उडी. आणि मग भिंतीजवळून गवंडी खाली बघतच म्हणाला की तिघं नव्हते, दोघं होते, तिसरा आधीच पडलेला होता. सगळे त्याच्याकडे वळले. उंटाने जरा आठवल्यासारखं केलं आणि म्हणाला की हो, बरोबर, दोघंच. त्याने एक वीट उचलली आणि आडवी केली. मग गवंडी उठला, अंगणाच्या मध्यावर आला आणि आपली वीट हातभर डावीकडे सरकवून म्हणाला, मी इथे होतो.

कपाळाबद्दल मात्र दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. तूही तुझ्या वहीत नडगी असली तर राहू दे, इकडे कळवू नकोस.

वेळेवर जेव. आहे तो लोभ तसाच आहे, तुला लागेल तेव्हा येऊन ने.

तुझी आजी